लढाय थांबवा, मगे पाव

कतरीनबाय गेली तेव्हा इगर्जीत तिन्ही पक्षांचे पुढारी आले होते, आणि तिघेही अगदी मागच्या बाकावर अंग चोरून बसले होते. पुढचे बाक रिकामे. पाद्रीसाहेबांनी हाताने बोलावलं तरी एकही उठेना. एरवी हीच माणसं बारशालासुद्धा पुढच्या खुर्चीसाठी भांडतात. मी बाबलशेटला म्हटलं, "म्होरं जावन बसा, तुमी तर झेडपीचे मेंबर." तो शवपेटीकडे बघत हळूच म्हणाला, "नको गो वयनी. उठान इचारल्यान तर?" तो थट्टा करत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता.

काय विचारलं असतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल.

मी शालन. तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं न्याहारी-निवास आहे. पर्यटक येतात, मासे खातात, समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात आणि जाताना सोलकढीची कृती विचारतात. कतरीनबायची पावाची भट्टी आमच्या कुंपणाला लागून. लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझी सकाळ तिच्या पावाच्या वासाने नाहीतर तिच्या आवाजाने झाली. आधी काय पोचायचं ते वाऱ्यावर अवलंबून असे.

बुटकी, रुंद बाई. फुलाफुलांचा फ्रॉक, डोक्याला पंचा आणि कोपरापर्यंत पीठ. नवरा इनास जहाजावर खलाशी होता, तो लवकर गेला. लेक लग्न होऊन म्हापशाला. मुलगा आंतोन जहाजावर कुक. पीठ माडाच्या सुरेने फुगवायची जुनी रीत तिने शेवटपर्यंत सोडली नाही. पाव भट्टीतून काढला की त्याच्या बुडावर टिचकी मारून ती कान लावायची. पोकळ वाजला तर भाजला, नाहीतर परत आत. माणसांनाही ती अशाच टिचक्या मारून बघायची. मला म्हणायची, "शालन, पुढारी पयल्यापासून पोकळ वाजतत गो. त्यांचा कसा वळकूचा?"

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाव गरम आसताना खावचो आणि प्रश्न थंयच्या थंय इचारूचो." ती विचारायचीही. आमच्या रस्त्याचं उद्घाटन दोनदा झालं. दुसऱ्या वेळी आमदारसाहेबांनी कात्री हातात घेतली, तेवढ्यात ही पावाची पाटी डोक्यावर घेऊन मध्ये उभी. म्हणाली, "साहेब, गेल्या वर्साची रिबीन खंय ठेवलास? गाठ मारून तीच बांधा. रस्तो तोच आसा." साहेब हसले. पुढाऱ्याला हसावंच लागतं, फोटो चालू असतो.

आणि मतदान. मतदान गुप्त असतं हे तिला कधी पटलंच नाही. बटण दाबून बाहेर यायची आणि दारातच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, कुणाला दिलं आणि का दिलं. केंद्रावरचे साहेब घाबरायचे. "मावशी, असं सांगायचं नसतं, गुपित असतं ते." ती म्हणायची, "गुपित माझा मां? मगे माका ठेवचा नाय." एका निवडणुकीत तर तिने आत जाऊन बटण दाबलं, बाहेर आली, आणि रांगेतल्या उमेदवाराच्याच बायकोला म्हणाली, "तुझ्या घोवाक नाय दिलंय गो. वायट वाटान घेव नको. माणूस बरो आसा, पण कामाचो नाय." त्या बाईनं मान डोलावली. तिलाही ते माहीत होतं.

मग ती लढाई सुरू झाली. आमच्यापासून समुद्रापलीकडे, आखातात. पहिले काही दिवस आमच्याकडे त्याची गंमतच होती. सलूनमध्ये बसून बापये माणसं बाजू घेत होती, कुणाकडे किती विमानं आहेत ते सांगत होती. ज्यांना कुडाळचा फाटा चुकतो ते टीव्हीवरचे नकाशे समजावून देत होते. मग गॅसचा सिलिंडर येईनासा झाला. डिझेल परवडेना म्हणून होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या. आखातात जाणारा हापूस परत फिरला आणि आमच्याच बाजारात आमच्याच तोंडावर स्वस्त झाला. माझ्या खानावळीत चुलीवरचं जेवण सुरू झालं, ते पर्यटकांना आवडलं, पण धुराने माझे डोळे गेले. एका महिन्यात गावात लढाईच्या बाजूचा माणूस औषधाला उरला नाही. जे लढत होते त्यांनाही लढाई नको आहे, असं टीव्हीवरचा माणूस रोज सांगायचा. मग ती चालू कशी, एवढंच सांगत नसे.

आणि आंतोनचं जहाज तिथेच अडकलं. बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभं. पुढे जायला परवानगी नाही, मागे फिरायला मालकाचा हुकूम नाही. डोक्यावरून काय काय उडत होतं. फोन लागला की आंतोन म्हणायचा, "आवय, सगळा बरा आसा." एकदा बोलता बोलता मागे धाडकन काहीतरी वाजलं. मी शेजारीच होते.

"ता काय वाजला रे?"

"पातेला पडला."

कतरीनबायने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "हो खोटा बोलता. माझ्या झिलान जल्मात पातेला पाडूक नाय." त्या दिवशी तिच्या भट्टीतला सगळा पाव करपला. तिची एवढी वर्षं शेजारीण, पण तिचा पाव करपलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आम्ही दोघींनी तो कोंबड्यांना घातला.

दुसऱ्या दिवशी हाताचं पीठ धुऊन ती ग्रामपंचायतीत गेली. लढाई कधी थांबवणार, एवढंच विचारलं. सदस्य म्हणाला, "कतरीनबाय, ता पंचायतीच्या हद्दीत येणा नाय." ही म्हणाली, "सिलिंडर माझ्या घरात येणा नाय, ता खंयच्या हद्दीत?" तिथून तिला पाठवलं ओरोसला, कलेक्टर कचेरीत. मी सोबत गेले. तिथे ती अगदी पुस्तकी मराठी बोलायची, फ्रॉकवर शाल घ्यायची आणि हात जोडायची. टेबलावरचे भाऊसाहेब चांगले होते बिचारे. म्हणाले, "मावशी, हा विषय आमच्याकडे येत नाही. हा दिल्लीचा विषय आहे." ती म्हणाली, "साहेब, मत मागायला दिल्ली आमच्या भट्टीपर्यंत आली होती. आता मला उलटं जायचं तर वाट सांगा." भाऊसाहेबांनी आम्हाला चहा दिला. वाट काही सांगितली नाही.

आमदारसाहेब एका हॉलच्या कार्यक्रमात सापडले. ते म्हणाले, आपल्या देशाची भूमिका नेहमीच शांततेची राहिलेली आहे. कतरीनबाय मागून म्हणाली, "भूमिका दशावतारात करतत साहेब. उजाडला की रंग पुसून घराक जातत. माझ्या झिलाक घराक कोण हाडतलो?" लोक हसले, टाळ्याही पडल्या. ती हसली नाही. परत येताना बसमध्ये ती मला म्हणाली, "सगळे हसतत गो शालन. माका हसवूचा नाय होता."

अशात झेडपीची निवडणूक लागली. तिन्ही पक्षांनी गावात प्रचाराची कार्यालयं उघडली, झेंडे लावले, खुर्च्या मांडल्या. आता कार्यालय म्हटलं की कार्यकर्ते, कार्यकर्ते म्हटले की सकाळची उसळ, आणि उसळ म्हटली की पाव. पाव गावात एकाच भट्टीत. पहिल्याच सकाळी तिन्हीकडची पोरं पिशव्या घेऊन आली. कतरीनबायने पाव दिला नाही.

"लढाय थांबवा, मगे पाव," ती म्हणाली.

पोरांना वाटलं बाई गमतीने म्हणते. ती दार लावून आत गेली. गावातल्या घरांना पाव चालू, माझ्या खानावळीला चालू, शाळेला चालू. फक्त पक्षांना बंद. एका कार्यालयाने मालवणातून पाव आणवला. तो दुपारपर्यंत दगड झाला आणि तो खाऊन एकाची दाढ हलली. दुसऱ्यांनी पोहे केले. तिसऱ्या दिवशी त्यांचे कार्यकर्ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. म्हणाले, पोहे खावन मतां मागूक जावचंव नाय, पोह्यांनी आवाज चढणा नाय. विचार, निष्ठा, जुने हेवेदावे, सगळं बाजूला राहिलं आणि प्रचार उसळीशी येऊन अडला. ह्यात माझी चांदी झाली. तिन्ही पक्षांचे लोक माझ्याकडे न्याहारीला येऊ लागले आणि एकाच टेबलावर एकमेकांकडे पाठ करून तिचाच पाव खाऊ लागले. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "खावंदेत. तुझ्याकडे खातत ती माणसां. थंय खातत ते पक्ष."

शेवटी उमेदवार स्वतः भट्टीवर आले. एकेक करून, दुसरा बघत नाही ना ते बघून. दोघांनी जागतिक परिस्थिती समजावली. तिसरा म्हणजे हा बाबलशेट. बॅनरवर बाबलशेट, पण लहानपणी चड्डी सावरत पाव न्यायला यायचा, तेव्हापासून तिच्या लेखी तो बाबल्या. दोन ट्रॉलर, एक हार्डवेअरचं दुकान, आणि सगळ्यांशी गोड. बाबल्याने काही समजावलं नाही. तो म्हणाला, "कतरीनबाय, तू सांगशीत ता करतंय. पण आदी पाव दी. माझी पोरां उपाशी आसत."

"देवाम्होरं सांग," ती म्हणाली.

"सांगतंय. उद्या देवळात नारळ फोडूचो आसा. ये थंय."

आमच्याकडे कुठलंही मोठं काम सुरू करायचं तर गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, गावकाराने देवाशी मोठ्याने बोलायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं ते. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं, डोक्याला विचारावं लागत नाही. गाऱ्हाणं घालणार होते भिकाजीआबा गावकार. आबांचा नातू दुबईला हॉटेलात कामाला आणि आबांचा हापूस त्या वर्षी घरातच पिकून सडला. शिवाय आबा रोज सकाळी कतरीनबायचा गरम उंडा, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून खातात, ते वेगळंच.

देवळापुढे सगळा गाव. कतरीनबाय पाटी घेऊन पायरीखाली उभी. ती ख्रिस्ती असली तरी गावच्या देवाला ती गावचाच मानायची, त्याच्याशी तिचं भांडणही नव्हतं. आबांनी नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"आज ह्यो तुझो लेकरू बाबल तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"होय म्हाराजा."

"तेच्या वाटेतले काटेकुटे बाजूक कर, तेका यश दी..."

"होय म्हाराजा."

"तो निवडान इलो तर जेटी बांधतलो, नळाक पाणी हाडतलो..."

"होय म्हाराजा."

"आणि ती जी लढाय चलली आसा, जेच्यात आमच्या कतरीनबायचो झील अडाकलो आसा, ती लढाय थांबवतलो असो शब्द तो आज तुका देता..."

"होय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज बाबलचा. उमेदवाराने मोठ्यानेच ओरडायचं असतं. ओरडून झाल्यावर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. तोवर आबांनी नारळ आपटला होता. सरळ दोन भकलं झाली, जराही वाकडी नाही. बायकांत कुजबुज झाली, देवान आयकलान.

बाबल आबांच्या मागे धावला. "आबानू, ह्या काय केलास? शेवटचा मागे घेवा."

"मागे घेवक तो काय उमेदवारी अर्ज आसा?" आबा म्हणाले आणि खोबरं वाटायला लागले.

बाबल निवडून आला. काठावर, पण आला. लोक म्हणाले, बाकीचे दोघे नुसते बोलतात, हा निदान बांधला गेलाय. त्या दिवशी कतरीनबायने त्याच्या मिरवणुकीला पाटीभर पाव पाठवला आणि दुसऱ्या सकाळपासून त्याची वाट अडवायला सुरुवात केली. त्याची स्कूटर भट्टीसमोर आली की ती पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं आडवं धरायची. "बाबल्या, थांबली काय?" एवढंच. तो म्हणायचा, बघतंय. दुसऱ्या दिवशी परत. पुढे पुढे तो किनाऱ्याने जायला लागला. झेडपीचा मेंबर इस्त्रीच्या कपड्यात वाळूतून स्कूटर ढकलत नेतोय, हे माझ्या पर्यटकांनी पाहिलं आणि हा कुठला खेळ, म्हणून मला विचारलं.

त्यातच त्याच्या एका ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं. मग दाढ सुजली. मग हार्डवेअरच्या दुकानात वाळवी. ह्यात देवाचं काय काम, पण आमचा गाव ऐकतोय होय? जो तो म्हणे, शब्द पाळूक नाय तेचा फळ. त्याची बायको त्याला रात्रंदिवस टोचू लागली. शेवटी बाबलने झेडपीच्या सभेत ठराव मांडला. शाळांची कौलं आणि साकवांची दुरुस्ती ह्या दोन विषयांच्या मध्ये: सदर लढाई तात्काळ थांबवण्यात यावी. ठराव एकमताने पास झाला. कौलांवर दोन तास भांडण झालं, लढाईवर एक माणूस बोलला नाही. तिला निधी लागत नव्हता.

ठराव वर गेला. वरून उत्तर आलं की विषय आपत्ती विभागाकडे पाठवला आहे, तरी सदर लढाईमुळे आपल्या तालुक्यात पडझड झालेल्या घरांची माहिती द्यावी. बाबल तो कागद घेऊन भट्टीवर आला. कतरीनबायने वाचून घेतला, माझ्याकडून. मग म्हणाली, "बाबल्या, तुका तरी ह्या वाचून काय वाटला?" बाबलने खरं सांगितलं. "माका रडाक इला," तो म्हणाला. तिने त्याला पाव दिला, आणि त्या दिवशी फावडं आडवं धरलं नाही.

त्यानंतर तो पंधरा-वीस दिवस मुंबईला जाऊन येऊन होता. काय करतो ते सांगत नव्हता. आणि एका दुपारी आंतोनचा फोन आला. "आवय, मी येतंय. विमानात बसतंय."

काय सांगू तुम्हाला, त्या बाईनं कसा आनंद केला. आधी पीठभरल्या हातांनी माझे गाल धरले. मग रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. मग आत येऊन इनासच्या फोटोला सांगितलं, आणि तिथे मात्र बसकण मारून रडली. मीही रडले. दुसऱ्या दिवशी तिने तिन्ही पक्षांना फुकट पाव पाठवला, गोड पाव, वर मनुका. बाबलने रातोरात बॅनर लावले. बॅनरवर बाबल मोठा, आंतोन कोपऱ्यात छोटा, आणि मध्ये लिहिलेलं, शब्द दिला, शब्द पाळला. लढाई तर टीव्हीवर चालूच होती, पण ते त्या दिवशी कोण बघतोय.

आंतोन आला. वाळला होता, दाढी वाढली होती, आणि दरवाजा वाजला की दचकत होता. संध्याकाळी तिच्या ओट्यावर जेवण. आबा होते, बाबल होता, मी आणि आमचे हे होते. कोंबडीचा रस्सा, गरम उंडे. बाबलने दोन घास खाऊन छोटंसं भाषणही केलं. कतरीनबाय लेकाच्या ताटाकडे बघत होती. एवढ्यात सहज म्हणून तिने विचारलं, "तुका सोडल्यानी कसो रे?"

आंतोन जेवता जेवता म्हणाला, "माझ्या जाग्यार दुसरो कुक इलो. कुकाशिवाय जहाज ठेवक येणा नाय. आचरे गावचो पोर आसा. मी शिडयेन खाली उतारलंय, तो वर चढलो. बोलूक येळ गावलो नाय. माका फकत इचारल्यान, मीठ खंय ठेवलास."

कतरीनबायच्या हातातला रश्श्याचा डाव थांबला. ती बाबलकडे वळली.

"तू लढाय थांबवतलंय म्हणालंस."

बाबलने घास गिळला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हे मला आजही सांगितलं पाहिजे. "कतरीनबाय, लढाय थांबवणा माझ्या हातात नाय. बदली माझ्या हातात आसा. मास्तरांची करतंय, तलाठ्याची करतंय, तशीच आंतोनची केलंय. मुंबयत त्या एजंटाच्या दारात बसान रवलंय. त्या आचऱ्याच्या पोराक नोकरी व्हयी होती. तेचाय काम झाला, तुझाय झाला."

आबा पानातल्या पावाकडे बघत राहिले. मला बाबलचा राग आला होता म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. आंतोन समोर बसून जेवत होता, त्याचे कान, त्याची बोटं, सगळं जागच्या जागी होतं, आणि मला मनातून बरंच वाटत होतं. कतरीनबायने बाबलला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या पानात आणखी एक उंडा वाढला आणि ती भट्टीकडे गेली. भट्टी तेव्हा विझलेली होती.

सकाळी तिने आंतोनला पहिलं काम सांगितलं ते बॅनर उतरवण्याचं. दुसरं, आचऱ्याला जायचं. त्या पोराची आई शोधायला दोघं गेली. काजूची थोडी झाडं, थोडं भात, नवरा नाही, एवढंच तिथलं मला कळलं. कतरीनबायने त्या बाईला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं, की माझा लेक तुझ्या लेकाने सोडवला. ती बाई म्हणाली, बसा, चाय घेवा.

मग हिचा नेम झाला. रविवारी इगर्जीतली मिस आटोपली की पिशवीत उंडे घेऊन आचऱ्याची एसटी. गुडघे दुखत, रस्ता खराब, तरी ती जायची. पुढारी भेटले की विचारायची, पण आता फावडं आडवं धरत नसे. विचारून नुसतं बघत राहायची. ते त्यांना जास्त जड जायचं. लढाई काही थांबली नव्हती. मध्ये चार दिवस थांबली होती म्हणे, मग दोन्हीकडून सांगितलं की समोरच्याने मोडलं.

मी तिला उभी, चालती शेवटची पाहिली ती अशाच एका रविवारी. तिला ताप होता. आंतोनने नको म्हटलं होतं, मीही फाटकात आडवी आले. "आज रवंदे गो. पुढच्या आयतवारी जा."

"ती वाट बघता."

"थंय जावन करतंस काय तू?"

"ती चाय दिता. मी पितंय."

"आणि बोलतास काय?"

ती फाटकाला धरून थांबली. दम लागला होता. "काय बोलतलंव? तिचो झील थंय आसा. माझो हंय आसा. ती माका कायेक बोलणा नाय, साखर बरी आसा मां, इतक्याच इचारता." पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली. "शालन, तिच्या म्होरं बसान चाय पिताना माका लाज वाटता गो. घराक रवलंय तर लाजय वाटाची नाय. म्हणान जातंय."

एसटी आली. कंडक्टरने खाली उतरून तिला हात दिला. तिने तो घेतला, चढली, आणि उंड्यांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली.